पलीकडच्या काठावर सोडलेली तिळी

फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. घरात तिसरी होती तिळी नावाची मांजर. नाकावर तिळाएवढा काळा ठिपका, म्हणून तिळी. मांजर असलेल्या घरात मालक कोण हा प्रश्न सहसा पडत नाही, तसा तो इथेही पडत नव्हता.

अंगणात वाळत घातलेल्या ओल्या मडक्यांमधून तिळी अशी चालायची, की एकाही मडक्याला तिचं शेपूट लागत नसे. भट्टीसाठी साठवलेल्या भुशात तिने कधी उंदीर टिकू दिला नाही. कुंभारीण बाजारात कौतुकाने सांगायची, "मडकी हे घडवतात, पण राखते आमची तिळी."

बघता बघता तिळी अठरा वर्षांची झाली आणि तिचं विसरणं सुरू झालं. दूध-भाकरी खायची आणि घटकाभराने रिकाम्या वाटीपाशी येऊन ओरडायची. दार उघडण्याची वाट बघायची, पण बिजागरीच्या बाजूला नाक लावून. कोपऱ्यात शिरली की मागे फिरायचं असतं हेच तिला सुचायचं नाही. मळून ठेवलेल्या मातीवर बसून घाण करायची. कुंभारीण तिला उचलायची, पुसायची, पुन्हा खाऊ घालायची. कुंभार मात्र वैतागायचा. त्याचंही साहजिक होतं, कारण माती पुन्हा मळायची ती त्यालाच.

संक्रांत तोंडावर आली. गावातल्या बायकांना वाणासाठी सुगडं हवी होती. कुंभाराने दोन दिवस खपून अंगणभर सुगडं मांडली. सकाळी तिळी त्यांच्या मधोमध गेली आणि अडकली. बाहेर पडायची वाट सापडेना, म्हणून ती तिथेच गोल गोल फिरत राहिली. कुंभार धावत आला तोवर निम्म्या सुगडांचा चुरा झाला होता.

आवाज ऐकून शेजारचे आबा काठी टेकत आले. गावातले सगळ्यांत म्हातारे तेच, त्यामुळे सल्ला द्यायचा मान त्यांचाच.

"रीत आहे ना आपल्याकडे," आबा म्हणाले. "मांजर पोत्यात घाल, पूल ओलांडून पलीकडच्या माळावर सोड. मागे वळून बघायचं नाही. तीन दिवसांत परत आली, तर ठेवून घ्यायची. नाही आली, तर तिने दुसरं घर धरलं असं समजायचं. तुझ्या डोक्याला ताप नाही."

कुंभाराला ती रीत माहीत होती. तिळी लहान असताना तिने दुधात तोंड घातलं, म्हणून त्याच्या वडिलांनी तिला अशीच पलीकडे सोडली होती. वडील घरी पोहोचायच्या आत ती उंबऱ्यावर बसून अंग चाटत होती!

कुंभारीण बाजारात गेली होती. कुंभाराने पोतं घेतलं, तिळीला त्यात घातलं आणि माळावर नेऊन सोडलं. पोतं तिथेच टाकून, मागे वळून न बघता तो घरी आला.

कुंभारीण परतली. तिळीची वाटी तशीच भरलेली दिसली. "तिळी कुठंय?"

कुंभाराने सगळं सांगितलं. वर म्हणाला, "तिच्यावर अन्याय नाही केला मी. परत आली तर ठेवूच की. आता तिचं तिने ठरवायचं."

"अहो, तिला स्वतःची वाटी आठवत नाही. पूल कसा आठवेल?"

"रीत सगळ्या मांजरांना सारखीच असते."

त्या दिवशी कुंभारणीने चूल पेटवली, पण स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंभाराने नवी सुगडं घडवली. एकही फुटलं नाही. माती स्वच्छ होती, घर शांत होतं. हेच तर हवं होतं त्याला. तरी चाकावर बसल्या बसल्या त्याची नजर सारखी दाराकडे जात होती. शेवटी त्याने चाक थांबवलं आणि बायकोला म्हणाला, "मी खोटं बोललो गं. ती परत येऊ शकणार नाही, हे मला नेताना ठाऊक होतं. म्हणूनच तर नेली. आणि वर म्हणतोय, तिचं तिने ठरवायचं!" त्याचा चेहरा शरमेने उतरला.

"मग बसलाय काय? जा!" कुंभारीण म्हणाली.

मातीने भरलेल्या हातांनीच तो पूल ओलांडून धावला. तिळी सोडली होती तिथेच, पोत्यावर बसून थंडीने कुडकुडत होती. एका दिवसात ती चार पावलंसुद्धा कुठे गेली नव्हती. त्याने उचलायला हात पुढे केला, तशी ती फिसकारली. त्याला तिने ओळखलंच नव्हतं. उचलताना तिने त्याचे दोन्ही हात ओरबाडले, दंडाला चावली. पण कुंभाराने तिला छातीशी धरून घरी आणलं.

त्यानंतर घराची घडी थोडी बदलली. सुगडं अंगणातून उंच फळीवर गेली. मळलेल्या मातीवर झाकण आलं. कुंभाराने तिळीसाठी अगदी बुटक्या काठाचं परळ घडवलं, त्यात राख भरली आणि तिला हाताने नेऊन तिथे बसवायची सवय लावली. कधी ते जमे, कधी जमत नसे. वाटीची जागा कोणी हलवायची नाही, असं ठरलं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला मिळू लागलं. तरीही तिळी वाट चुकायचीच. कधी गल्लीत, कधी कोणाच्या गोठ्यात. मग दोघांपैकी कोणीतरी जाऊन तिला घेऊन यायचं.

एकदा कुंभार तिला आबांच्याच पडवीतून उचलत होता. आबा नाराज होऊन म्हणाले, "रीत मोडलीस तू. मांजर परत आली नव्हती. तू जाऊन आणलीस."

कुंभार म्हणाला, "आबा, तीन दिवसांत मांजर घरी आली की नाही? मग ती कोणाच्या पायांनी आली, हे रीतीत कुठे सांगितलंय?"

आबा हळूच म्हणाले, "हल्ली मीही वाट चुकतो. हे एकदा आमच्या थोरल्या मुलालाही येऊन सांग रे."

तात्पर्य काढायचंच तर एवढं: जो हरणार हे आधीच ठाऊक आहे, त्याची परीक्षा घेऊन आपले हात स्वच्छ होत नाहीत. ज्याला घराची वाट आठवत नाही, त्याला आणायला आपण जायचं असतं.