शलाकाचा रंग

"पण प्लेअर बंद केला की तो सगळं पुसून का टाकतो, बुवा? मी एवढं जपून ठेवलेलं पुसायचा त्याला काय अधिकार?"

प्लेअर म्हणजे लॅपटॉपवर व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम, हेच मठातल्या केरोबुवांना माहीत नव्हतं.

उन्मेष गद्रे मठाच्या ओसरीवर बसला होता. लोक मठात कडेवर लेकरू घेऊन येतात, हा उघडा लॅपटॉप घेऊन आला होता. पुण्याहून निघाल्यापासून त्यानं तो मिटला नव्हता. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं सांभाळावं तसा भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर तो सांभाळत आणला. आल्या आल्या बुवांच्या पाया पडायच्या आधी त्यानं प्लग कुठे आहे ते विचारलं. बुवांनी देवघराच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

हा उन्मेष सिनेमांचे रंग दुरुस्त करायचा. एका प्रसंगात नायिका गोरी आणि पुढच्या प्रसंगात पिवळट, असं होऊ नये म्हणून त्याच्यासारखी माणसं लागतात. भलेभले दिग्दर्शक त्याच्या होकारासाठी ताटकळत बसायचे. "माझा डोळा चुकत नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि खरंच चुकत नसे.

पडद्यावर शलाका होती, त्याची बायको. गच्चीच्या कठड्याला टेकून उभी, तोंड किंचित उघडं, तशीच थांबवलेली. उन्हाळ्यात ती गेली. जगाचे चेहरे दुरुस्त करणाऱ्याच्या घरात बायकोचा व्हिडिओ निघाला तो हा एवढा एकच, जुन्या मोबाईलवर घेतलेला. त्यात ती हिरवट दिसायची, आजारी असल्यासारखी. तेव्हा ती आजारी नव्हती.

"ब्राइटनेस लावतो, ह्यू म्हणजे रंगाची छटा लावतो, सॅच्युरेशन म्हणजे गडदपणा जरा उतरवतो," उन्मेष सांगत होता. "की ती येते. हुबेहूब. मग सेव्ह करतो. बंद करून उघडलं की सगळं मूळ जागी, आणि ती पुन्हा हिरवी."

"मग?"

"सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. दुसरे प्लेअर आणले. सेटिंगच्या फाइलला कुलूप लावलं, कुणाला बदलताच येऊ नये म्हणून. ग्राफिक्स कार्ड वरून आपलेच रंग लादतं म्हणे, तेही बंद केलं. ज्यांना कळतं त्या सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणतात, सेव्ह करा." तो हसला, पण त्या हसण्यात काही जीव नव्हता. "शेवटी बंद करायचंच सोडून दिलं. आता ती बरोबर दिसतेय, तर हे असंच उघडं ठेवायचं."

"आन् हे रंग त्या चित्रातच पक्कं न्हाईत का करता येत? तुझा तर धंदाच त्यो."

हाच प्रश्न उन्मेषला नको होता.

"केले," तो हळूच म्हणाला. "ऑफिसातल्या मोठ्या मशीनवर. संध्याकाळी पक्के केले, सकाळी बघतो तर ती कुणी दुसरीच. परत केले. परत दुसरी. सगळ्या प्रती फेकून दिल्या."

"तितं तर यंत्रानं काय पुसलं नव्हतं."

"...नाही."

"मग?"

"मला तिचा रंग आठवत नाही, बुवा."

एवढं बोलला आणि त्याला रडू फुटलं. ज्या डोळ्यांचा त्याला एवढा अभिमान होता, त्यांनाच घरातलं माणूस आठवेना. लाजेनं आणि दुःखानं तो पार खचून गेला होता. बुवांनी त्याला रडू दिलं.

"तुम्ही तिला परकरी पोर असल्यापासून बघितलंय," थोड्या वेळानं तो म्हणाला. "आईचा हात धरून ती इथे दर पौर्णिमेला यायची. एकदा बघा. हीच ती का, एवढंच सांगा. तुम्ही हो म्हणालात की झालं."

त्यानं लॅपटॉप बुवांकडे वळवला.

बुवा पुढे झुकले. त्यांनी एका डोळ्यावर तळहात ठेवला.

"ह्या डोळ्यानं सावळी."

हात बदलला.

"ह्या डोळ्यानं गोरी."

तालुक्याच्या शिबिरात बुवांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. तेव्हापासून त्यांना मोतीबिंदू राहिलेल्या डोळ्यानं जग पिवळट दिसे आणि दुसऱ्यानं निळसर. मठातली मंडळी यावरून त्यांची थट्टा करत आणि बुवाही हसत. आज ते हसले नाहीत.

"यातली खरी कुठली?" उन्मेषनं विचारलं.

"कुटला डोळा मिटू, तू सांग."

...

उन्मेषला राग आला. एवढ्या लांब तो उत्तरासाठी आला होता आणि म्हातारा आपल्याला टोलवतोय, असं त्याला वाटलं. पण कुठला डोळा, ते त्यालाही सांगता येत नव्हतं.

बुवा अजून पडद्याकडेच बघत होते.

"तोंड का उगडं हाय पोरीचं?"

"बोलत होती."

"काय बोलत हुती?"

"आठवत नाही. पुढे गेलोच नाही मी. व्हिडिओ संपला की प्लेअर आपोआप बंद होतो. रंग जातात."

"ती गेल्यापास्नं एकदा बी ऐकलं न्हाईस?"

"सुरू व्हायचा, की मी थांबवायचो. आधी रंग लागू देत, मग ऐकू... असं म्हणत राहिलो."

"आन् पोरीला अर्ध्या शब्दावर उबी करून ठिवलीस."

बुवांनी आपले दोन्ही डोळे मिटले आणि वर दोन्ही तळहात ठेवले, लपंडावात राज्य आलेल्या पोरासारखे.

"आता लाव."

...

उन्मेषचं बोट बटणावर होतं. एवढा एकच चेहरा, तोही आता जाणार होता. त्यानं बुवांकडे पाहिलं. बुवांनी हात काढले नाहीत.

त्यानं बटण दाबलं.

"...मेष, ठेव ना तो मोबाईल!" शलाका म्हणाली. "ये इकडे. वारा बघ काय सुटलाय."

मग एका पुरुषाचा आवाज आला, अगदी जवळून, जरासा वैतागलेला.

"थांब गं. रंग बरोबर येत नाहीयेत."

"असू देत रे. ये ना."

"एक मिनिट."

ती हसली. तिनं हात पुढे केला. व्हिडिओ संपला आणि प्लेअर बंद झाला.

उन्मेषनं घाईघाईनं तो पुन्हा उघडला. सगळं मूळ जागी गेलं होतं. शलाका हिरवी झाली होती.

"रंग गेले, बुवा," तो म्हणाला. दुसरं काही त्याला म्हणताच येईना.

केरोबुवांचे हात अजून डोळ्यांवरच होते.

"ती बोलवत हुती..."

उन्मेषचं बोट पुन्हा ब्राइटनेसकडे वळलं.

"गेलास का मग?"