तीन चुलींवर जेवणारी म्हातारी

नदीकाठी एक गाव होतं, गावाच्या डोक्यावर टेकडी होती, टेकडीवर मठ होता. मठात धुळाबुवा नावाचे म्हातारे गुरू राहत आणि विद्याधर नावाचा त्यांचा शिकलासवरलेला शिष्य. खाली गावात राहायची हौसाई. तीन लेकांची आई, तीन सुनांची सासू. शेवटी देवानं तिचं भलंच केलं. पण भलं व्हायच्या आधी जे झालं, ते ऐकून आजही हातातला घास हातातच राहतो.

"महाराज, एकच म्हातारी तीन चुलींवर जेवत असेल तर तिला काय दंड द्यावा?"

विद्याधरानं विचारलं. धुळाबुवा उन्हात पाठ शेकत बसले होते.

"तीन चुलींवर?" ते म्हणाले. "मग चांगली गुबगुबीत असंल की रे."

"थट्टा नाही महाराज." विद्याधरानं वही पुढं केली. "हौसाई. तिन्ही लेकांच्या नावाखाली हिचंच नाव."

पूर ओसरून एकवीस दिवस झाले होते. पहिले बारा दिवस मठात पंगत बसली, आलेल्या सगळ्यांना भाकरी मिळाली. तेराव्या दिवशी विद्याधरानं पंगत मोडली. म्हणाला, असं आंधळं वाटप नको, रीतसर करू. एका चुलीला एक शिधा आणि डोक्यावर घालायला सहा पत्रे. चुलीवर म्हातारं माणूस असेल तर पायलीभर ज्वारी जास्त आणि एक घोंगडी.

चूल म्हणजे घर, हे काय कुणाला सांगायला लागतं? भाऊ वेगळे निघाले की चूल वेगळी, आणि चूल वेगळी की घर वेगळं.

"पुराआधी गावात चुली किती होत्या?" धुळाबुवांनी विचारलं.

"चाळीस."

"आणि आता?"

"एक्क्याण्णव."

"बरं झालं म्हणायचं. पुरानं गाव वाढलं."

विद्याधराचे कान लाल झाले. "तेच तर शोधतोय मी! म्हणून चुली लिहिल्या त्याच दिवशी, तेराव्यालाच, दवंडी दिली, म्हातारं माणूस जिथं जेवतं तीच चूल खरी. बाकीच्यांचे पत्रे निघतील. आता हौसाईच्या तिन्ही सुना म्हणतात, आत्या आमच्याकडंच जेवतात. उद्या दोन घरांचे पत्रे काढणार आहे. कोणती दोन, तेवढंच ठरायचंय."

"बाकी सगळं पोचलं लोकांना?"

"पोचलं. मी स्वतः दारोदार विचारलं, शिधा मिळाला का? एकूण एक माणूस 'मिळाला' म्हणाला."

"आणिक काय म्हणाली माणसं?"

"काही नाही... मीठ मागत होते कोणी कोणी." विद्याधर हसला. "भिंती वाहून गेल्या आणि यांना मीठ पाहिजे!"

धुळाबुवा हसले नाहीत. उठले. खुंटीवरची भिक्षेची झोळी काढली आणि शिष्याच्या खांद्यावर टाकली.

"जा. हौसाईच्या दारी भिक्षा मागून आण. तीन चुलींवर जेवणारी बाई, हात सढळ असंल तिचा."

"मी?" विद्याधर दोन पावलं मागं सरला. "महाराज, वाटणारा माणूस मी. मी मागायला जाऊ? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतात ते ऐकून ये."

गुरूची आज्ञा. झोळी उपरण्याखाली लपवून तो टेकडी उतरला.

गावात अजून गाळाचा वास होता. हौसाईच्या तीन लेकांची तीन खोपटी जवळजवळ उभी होती, खांब नवे, पत्रे नवे, उन्हात चमकत होते. प्रत्येकाच्या दारात तीन दगडांची चूल. आणि तिन्ही खोपटांच्या मधल्या बोळात, एका जुन्या फळीला पाठ लावून म्हातारी बसली होती. अंगावर तीन घोंगड्या.

"माय... भिक्षा वाढ."

म्हातारीनं मान वर केली. ओळखलं, आणि दचकली.

"अगं बया! तुमीच मागाया आलाव? मठात काय उरलं न्हाई का काय?"

"गुरूची आज्ञा आहे."

"उभं ऱ्हावा. रिकाम्या हातानं न्हाई पाठवायची."

ती उठायला गेली. फळीला धरलं. गुडघे उभे राहीनात. पुन्हा बसली, पुन्हा धरलं. विद्याधर तिथंच उभा राहिला. हात द्यावा हे त्याला सुचलंच नाही, ते त्याला पुढं जन्मभर टोचलं. चौथ्या खेपेला ती उठली, शेजारच्या मडक्यात हात घातला, फडक्यातली एक पुरचुंडी काढली आणि दोन्ही हातांनी झोळीत सोडली.

"आळणी हाय हो. मीठ असतं तर चटणी तरी वाटून दिली असती."

आणि हात जोडले.

झोळी हलकी होती. अगदीच हलकी. चढ चढताना विद्याधर मनात म्हणाला, पाहा, तीन ठिकाणचं खाते आणि देताना एवढंसं देते.

धुळाबुवांनी पुरचुंडी सोडली.

आत भाकरीचा एक तुकडा होता. वाळून खापरीसारखा झालेला. बुवांनी तो दगडावर आपटला. वाजला, पण फुटला नाही.

"खा," ते म्हणाले.

"महाराज, हे... हे कसं खाणार?"

"ती कशी खाते?"



बुवांनी तुकडा उलटा केला. मठाच्या भाकरीची एक खूण असते. कोणी ती बाजारात नेऊन विकू नये म्हणून, तव्यावर टाकण्याआधी तिच्यावर हाताची पाच बोटं दाबतात. या तुकड्यावर दोन बोटं होती. एक लांब आणि एक आखूड, वाकडी.

"तुझा हात दे."

विद्याधराची करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली. त्यानं बोटं ठशांवर ठेवली...

बसली.

पंगतीचा शेवटचा दिवस त्याला आठवला. मान म्हणून त्या दिवशीच्या भाकऱ्यांवर ठसे त्यानंच उमटवले होते. त्यानंतर मठाचा तवा तापलाच नव्हता. त्याला आज नऊ दिवस झाले.

"नऊ..." तो म्हणाला. आणि मटकन खाली बसला.

"चल," धुळाबुवा म्हणाले. "बसतोस काय?"

दोघं बोळात आले तेव्हा तिन्ही सुना आपापल्या चुलीपाशी होत्या. बुवांना बघून पदर सावरत पुढं आल्या. थोरला लेक खंडू खांब ठोकत होता, तोही थांबला. म्हातारी तशीच फळीला टेकलेली.

बुवांनी धाकटीला विचारलं, "लंका, काल सासूबाईंनी काय खाल्लं गं?"

लंका विद्याधराकडं बघून घाबरली. "आमच्याकडंच जेवल्या की."

"पत्रं कुणी काढत न्हाई. खरं सांग."

लंकानं मान खाली घातली. "थोरल्या जाऊबाईंकडं जेवून आले म्हणाल्या."

"माझ्याकडं?" थोरली अनुसया म्हणाली. "मला तर म्हणाल्या, मधलीनं वरण केलं हुतं, पोट भरलं."

मधलीनं लंकाकडं बघितलं. लंकानं अनुसयेकडं बघितलं.

"मला म्हणाल्या..." मधली म्हणाली. "...लंकानं जेवू घातलं."

"पंगत मोडून आज नऊ दिस झालं," धुळाबुवा म्हणाले. खंडूच्या हातातली पहार खाली पडली, तिच्या आवाजानं सगळेच दचकले.

"आई!" खंडू ओरडला. "नऊ दिस? आगं, नऊ दिस? काय खाऊन ऱ्हायलीस तू?"

"मठाच्या दोन भाकरी ठिवल्या हुत्या. पाण्यात भिजवून बोट बोट खात हुते." म्हातारी हळूच म्हणाली. "ओरडू नगंस. शेजारपाजार ऐकतोय."

"पण का? घरात ज्वारी हाय! तुझ्या नावाची पायली तीन ठिकाणी आलीया!"

"दवंडी ऐकली न्हाईस व्हय? मी जेवंन त्याची चूल खरी. मग बाकीच्या दोघांच्या डोक्यावरचं पत्रं जाणार." तिनं श्वास घेतला. "तुज्याकडं जेवले तर मधल्या नामाची लेकरं पावसात. नामाकडं जेवले तर धाकट्या भिवाची. मी कुणाचं छप्पर खाऊ, सांग की."

मग विद्याधराकडं वळली. रागानं नव्हे. वडीलधाऱ्यांसमोर चूक कबूल करावी तशी म्हणाली, "नाव तीनदा लिवलं, ते चुकलंच आमचं, बाबा. अकरा तोंडं आन् एक शिधा, पुरतोय कसा? म्हणून लेकांनी दगडं वेगळी मांडली. न्हाईतर आमच्यात कवा भांडान न्हाई."



सगळ्यात आधी हलली ती धाकटी, लंका. तिनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली, पदराचा बोळा करून तापलेला दगड उचलला आणि सासूच्या पुढ्यात आणून ठेवला. हात भाजला, पण थांबली नाही. दुसरा आणला. तिसरा आणला. मग मधली उठली. मग अनुसया. नऊ दगड झाले. तीन दगडांच्या चुलीला नऊ दगड, कसे मांडायचे ते कोणाला कळेना. शेवटी गोल मांडले आणि वर मोठं पातेलं ठेवलं.

"भाकरी नगं," धुळाबुवा म्हणाले. "नऊ दिसांचं पोट हाय. कण्या शिजवा. पातळ करा."

जाळ झाला. तिघी एकाच पातेल्यात ढवळत होत्या, एकीचा हात दुसरीच्या हातावर. म्हातारी बघत होती. पहिला घोट अनुसयेनं पाजला, दुसरा मधलीनं, तिसरा लंकानं. चौथा म्हातारीनं स्वतः वाटी धरून घेतला.

तोंडावर रंग आला. म्हणाली, "मला तीन तीन घोंगड्या कशाला? ह्यातल्या दोन लेकरांवर घाला."

तिघी रडता रडता हसल्या. त्या दिवसापासून त्या घराची चूल पुन्हा एक झाली, ती पुन्हा कधी मोडली नाही. तिन्ही छपरं जागच्या जागी राहिली. हौसाईनं पुढं त्याच चुलीपाशी बसून नातसुनांचं तोंड बघितलं.

पण ते पुढचं. त्या दुपारी विद्याधर वही घेऊन एका बाजूला बसला होता. लेखणी हातात.

धुळाबुवांनी पातेल्यातल्या घोटभर कण्या ओंजळीत घेतल्या होत्या.

"महाराज..." विद्याधर म्हणाला. "या घराचं काय लिहू? एक चूल लिहू... की तीन?"

बुवांनी घोट घेतला. जरा वेळ तोंडात घोळवला.

"लिही," ते म्हणाले. "मीठ न्हाई."