कातरीनची खांड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती ते विचारू नका. माझ्या आजीनं तिच्या आजीकडून ऐकली आणि त्या आजीनंही ऐकलेलीच होती. खाडीच्या तोंडाशी पोवळी नावाचं गाव आहे, सगळी ख्रिस्ती वस्ती. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली, आणि मधे नुसता मातीचा बांध. म्हणजे पोवळीचा माणूस शेतात उभा असला की समुद्र त्याच्या डोक्याच्या वर असतो. जन्मभर. परगावचे विचारतात, तुम्हाला झोप कशी लागते? लागते, पण कान उघडे ठेवून.

बांधाला एक दार होतं, त्याला उघाडी म्हणतात. लाकडी चौकट आणि तिच्यात वर-खाली सरकणारी जाड फळी. ओहोटीला फळी उचलायची, शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती लागायच्या आत फळी पाडायची. एवढंच काम. पण चुकलं तर खारं पाणी आत. आणि शेतात एकदा समुद्र शिरला की तीन वर्षं भात विसरायचा.

हे काम बस्त्याव नावाच्या माणसाकडे होतं. कातरीन त्याची बायको. बुटकी, काळी, तोंडानं तिखट. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच.

भरतीची वेळ बस्त्याव तिथीवरून काढायचा. आमच्याकडे सगळेच काढतात. अष्टमीला भरती दिवस मावळताना, पुनवेला नि अमावास्येला सूर्य डोक्यावर असताना. तर त्या वर्षी पाद्रीबाबांनी देवळात मिस्सेच्या प्रार्थनेत सांगितलं, पंचांग बघून मुहूर्त काढू नका, देवाचे सगळे दिवस चांगले. खरं तेच सांगितलं. पण बस्त्यावनं त्यातला पंचांग हा एक शब्द तेवढा ऐकला. त्याला गावातला सगळ्यात पक्का ख्रिस्ती व्हायचं होतं. हा रोग जुना आहे, अजून गेलेला नाही. घरी येऊन म्हणाला, "आजपासून तिथी बंद. सकाळची मिस्सा सुटली की फळी उचलायची, दुपारची घंटा झाली की पाडायची."

कातरीन म्हणाली, "अहो, समुद्राचा बाप्तिस्मा झालाय का?"

"तू गप्प बस."

तेवढ्यापुरती ती गप्प बसली. पुढे जन्मभर तिनं त्याबद्दल स्वतःला बोल लावला, असं म्हणतात.

अष्टमीच्या सुमाराला ते जमूनही गेलं. दुपारी ओहोटीच असायची, बस्त्याव घंटा ऐकून फळी पाडायचा, भरती नंतर यायची. त्याची छाती फुगली. रोज भरतीची वेळ थोडी थोडी सरकत होती, ते त्यानं पाहिलं नाही. श्रावणातली पुनव आली. खाडीपलीकडचे कोळी नारळ घेऊन किनाऱ्याला निघाले होते, त्यांच्याकडे बघून तरी कळायला हवं होतं. बस्त्याव देवळात गुडघ्यावर. फळी वर. दुपारची घंटा वाजली तेव्हा भरती टोकाला पोचली होती आणि समुद्र उघाडीतून घोड्यासारखा आत धावत होता. तो फळीवर जाऊन लोंबकळला, तरी ती खाली गेली नाही. मग चौकट उखडली, तिच्याबरोबर दोन्ही बाजूंचा बांध गेला, आणि दहा हातांची खांड पडली.

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. हा शब्द अजूनही आमच्याकडे जेवताना कुणी काढत नाही.

हिरवं भात डोळ्यांदेखत पिवळं पडलं. पण खरी भीती पुढे होती. शेतांच्या शेवटी गावाची एकच गोडी विहीर, आणि पाणी तिच्यापासून चार पावलांवर येऊन थांबलं होतं. पंधरा दिवसांनी अमावास्येचं उधाण. त्याच्या आत खांड बुजली नाही तर विहीर जाणार, आणि विहीर गेली की गाव उठणार. बायका रोज सकाळी पोहऱ्यातलं पाणी जिभेवर घेऊन बघायच्या. बघायच्या आणि घरी जायच्या.

पुरुषांनी दगड टाकले, पेंढा टाकला, चिखलाच्या टोपल्या ओतल्या. दिवसा भरलेलं पुढच्या भरतीत धुऊन जायचं. दशमी झाली, एकादशी झाली, पाणी परत चढायला लागलं. तेव्हा इनास मुकादम, गावातला सगळ्यात म्हातारा, बांधावर बसून म्हणाला, "माझा आजा सांगायचा. मोठी खांड जीव मागते. दिल्याशिवाय बुजत नाही."

पाद्रीबाबा म्हणाले, "इनास, हे आपल्या धर्मातलं बोलणं नव्हे."

कुणी बस्त्यावचं नाव घेतलं नाही. फक्त सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

बस्त्यावला ते समजलं. त्यानं जेवण सोडलं. आपला चांगला कोयता शेजाऱ्याला देऊन टाकला. मग दारोदार जाऊन हात जोडले, "मला क्षमा करा." लोक म्हणाले, "बस्त्याव, तू चांगला माणूस आहेस रे." कातरीननं ते ऐकलं. जिवंत माणसाला असं कोण म्हणतं? तिनं घराघरांतून विचारलं, "काय ठरवलंय तुम्ही?" प्रत्येक जण म्हणाला, "कुठं काय?" आणि प्रत्येकानं नजर खाली घातली.

अमावास्या उजाडली. पहाटेच्या ओहोटीला सगळं गाव खांडीवर. बांबू ठोकले, चटया लावल्या, चिखल थापला. सूर्य वर येईपर्यंत खांड दोन्हीकडून भरत आणली आणि मधे एका माणसापुरती फट उरली. त्या फटीत काही टिकेना. मग बस्त्याव आपण होऊन खाली उतरला आणि फटीत उभा राहिला. खाडीकडे तोंड करून. वर बांधावर माणसं चिखलाच्या टोपल्या घेऊन उभी. पाणी त्याच्या घोट्याला लागलं. कुणी तरी पहिली टोपली कमरेवरून खांद्यावर घेतली.

तेवढ्यात कातरीन आली. पाठीवर देवळातला क्रूस. गुड फ्रायडेला चार गडी उचलायचे तो, सागाचा. तिनं एकटीनं आणला, असं म्हणतात. मी तो उचलायचा प्रयत्न करणारे गडी पाहिलेले नाहीत, पण कातरीनच्या रागावर माझा विश्वास आहे. तिनं क्रूस फटीत आडवा टाकला, दाराला अडसर घालतात तसा, आणि त्याचे हात दोन्हीकडच्या चिखलात रुतवले.

इनास ओरडला, "अगं ए, देवाचा क्रूस चिखलात घालतेस?"

"मग कुठं घालू, इनासमामा? कपाटात?" ती म्हणाली. "खांड जीव मागते म्हणता ना? दिलाय. एकदाच, सगळ्यांसाठी. ज्यानं दिला तो कमी पडला म्हणून आता माझा नवरा हवाय? पाद्रीबाबा, तुम्ही दर शुक्रवारी सांगता ते खरं, की आमचा वेळ घालवायला सांगता?"

पाद्रीबाबा पुटपुटले, "खरं."

"मोठ्यानं."

"खरं आहे!"

"मग टोपल्या ठेवा आणि खाली या."

खाली म्हणजे शेतात. फटीच्या बरोबर मागे, जिथं बांध फुटला तर पहिला लोंढा येणार तिथं. ती स्वतः उतरली, चिखलात गुडघाभर, आणि नवऱ्याच्या पाठीमागे उभी राहिली. वर बघून म्हणाली, "देव पण असाच वर उभा राहून बघत बसला असता, तर आपलं काय झालं असतं? तो उतरला. त्याची सगळी ताकद उतरण्यात होती. आणि तुम्हाला दोन हात खाली उतरवत नाही?"

पहिले पाद्रीबाबा उतरले, झगा वर खोचून. मग बायका, कडेवर पोरं घेऊन. मग गडी. इनास सगळ्यात शेवटी, शिव्या देत.

मग कातरीननं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नावानं हाक मारली. "बस्त्याव, मरायला उभा होतास ना? आता धरायला उभा राहा."

त्यानं क्रूसाला छाती लावली आणि दोन्ही हातांनी तो कवटाळला. असं म्हणतात, तोवर तो शांत होता, तेव्हापासून थरथर कापायला लागला. मरायचं होतं तेव्हा एकाचीच काळजी होती. आता पाठीमागे सगळं गाव श्वास घेत होतं, आणि तो श्वास त्याला मानेवर लागत होता.

पाणी बस्त्यावच्या गुडघ्याला आलं. कमरेला आलं. चटया कुरकुरल्या. एक पोर रडायला लागलं, आईनं त्याचं तोंड दाबलं. पाणी छातीला, गळ्याला, हनुवटीला. अजून उधाणाचं टोक आलं नव्हतं. बस्त्यावनं डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत. आणि मग पाणी बांधाच्याही वर चढलं, हातभर वर, आणि आत आलं नाही. उभं राहिलं. काचेसारखं. खालच्या लोकांना आपल्या डोळ्यांसमोर बोय मासे पोहताना दिसले. एक खेकडा पाण्याच्या भिंतीला धरून तिरपा तिरपा वर गेला. पाद्रीबाबा बापाची प्रार्थना म्हणायला लागले, पण पहिल्या शब्दापुढे त्यांना आठवेना. सगळं गाव तो एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिलं, "बापा, बापा." असं म्हणतात की सूर्य हलल्याचं कुणाला दिसलं नाही.

मग पाणी उतरलं.

त्या ओहोटीला लोकांनी खांड भरली ती आजतागायत फुटली नाही. क्रूस आतच राहिला. त्या वर्षी भात झालं नाही, हे मी लपवणार नाही. पुढची दोन वर्षंही नाही. लोकांनी मासे खाल्ले, रताळी खाल्ली, बस्त्यावला शिव्याही दिल्या. पण शेजारी नवी उघाडी बसवली तेव्हा फळी त्याच्याच हातात दिली, कारण इनास म्हणाला, "याच्याइतका पाण्याला भ्यालेला दुसरा माणूस आपल्याकडे नाही." कातरीन पुष्कळ जगली आणि कुणाचं ऐकून न घेता गेली. बांधाच्या त्या जागेला कातरीनची खांड म्हणतात, तिथं खांड नसली तरी.

आणि अजून श्रावणातल्या अमावास्येला भर दुपारी गाव तिथं जमतं. त्या दिवशी फळी पाडायचा मान ज्याच्या हातून त्या वर्षी वाईट घडलं त्याचा. कुणी जाहीर करत नाही. पोवळीत ते सगळ्यांना माहीत असतं, त्यालाही. तो एकटा वर चढतो. बाकीचे, लेकराबाळांसकट, खाली शेतात उतरतात. फळी खरंच उघडी असते आणि भरती खरीच असते. त्यानं पाडली नाही, किंवा पाडून धरली नाही, तर काय होईल ते प्रत्येकाला ठाऊक असतं. खालून मुकादम विचारतो, "धरलंस का?" वरून उत्तर येतं, "धरलं." मग सगळे म्हणतात, "आम्ही खाली आहोत."

गेल्या वर्षी एक बाई वर चढली. तिनं शेजारणीच्या मुलीबद्दल खोटं पसरवून ठरलेलं लग्न मोडलं होतं. फळी तिच्या हातून दोनदा अडकली आणि पाण्याची एक जीभ आत आलीसुद्धा. ती मुलगी खाली पहिल्या रांगेत होती. तिची साडी भिजली. शेवटी फळी बसली, बाईनं वरून "धरलं" म्हटलं, आणि गाव म्हणालं, "आम्ही खाली आहोत." मुलगी ते म्हणाली नाही. ओठ घट्ट मिटून वर बघत राहिली. पण पाणी उतरेपर्यंत ती जागची हलली नाही.