दयाळाचा सत्कार

पाखरांना सत्काराची हौस नुकतीच लागली होती, त्या काळची गोष्ट. आमराईत दयाळ पक्ष्याच्या गाण्याचा सत्कार होता. अध्यक्ष मोरराव म्हणाले, “गळा म्हणजे दैवी देणगी!” कावळेबुवांनी मान डोलावली, “पूर्वजन्मीची पुण्याई! शिकून थोडंच येतं?”

दयाळाच्या फांदीखालच्या ढोलीत राहणाऱ्या खारूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. ती ताडकन उठली. “तीन वर्षं रोज पहाटे एकाच तानेत अडखळत होता हा, तेव्हा कुठे होता तुमचा देव? याला आमराईतून हाकला, या अर्जावर पहिली सही तुमचीच होती, मोरराव!”

मोररावांनी हळूच पिसारा मिटला.

दयाळ उठला. अंगावरची सत्काराची शाल काढून त्याने खारूताईच्या कानांभोवती घट्ट गुंडाळली.

“राहू दे, ताई,” तो ओशाळून म्हणाला, “उद्या पहाटेपासून नवा राग घेतोय.”