मूठ बसवण्याची विद्या

घाटमाथ्यावरच्या एका गावी एकदा एक वृद्ध मिस्त्री सायकलींची वैद्यकी करीत असत. लोक त्यांना नाना म्हणत. त्यांच्या दुकानाला पाटी नव्हती आणि पाटीवाचून त्यांचे काही अडतही नव्हते. गिऱ्हाईक आले, की नाना आधी सायकलीकडे न बघता ती चालवणाऱ्याकडे बघत, आणि मगच पाना हाती घेत. निम्मा बिघाड माणसातच असतो, असे त्यांचे म्हणणे. माणसे हसत आणि दुरुस्त होऊन घरी जात.

या नानांचा महिपती नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर कोवळा पोर उभा राहतो. महिपती पस्तिशी ओलांडलेला, दोन मुलींचा बाप होता. सूतगिरणी बंद पडली तेव्हा, तीन वर्षांपूर्वी, तो नानांकडे आला. हात चलाख, काम जीव लावून करणारा. खोड मात्र एक होती. प्रत्येक नट आवळून झाला, की तो मान वळवून विचारी, "नाना, बघता का जरा?" नानाही उठत आणि तोच नट पुन्हा एकदा आवळत. दोन माणसांचा हात लागल्याशिवाय त्या दुकानातून एकही नट बाहेर गेला नसेल. महिपतीला यात गुरूची कृपा दिसे, आणि ती होतीही.

गावच्या आरोग्य उपकेंद्रात अनसूया नावाच्या परिचारिका होत्या. गाव त्यांना सिस्टर म्हणे. डोंगरातल्या चार वाड्यांना लस, गोळ्या, बाळंतिणींची विचारपूस, हे सगळे त्यांच्या एकटीच्या अंगावर. वाटा अशा, की मोटारसायकल खाली गेली तर परत वर येण्याची शाश्वती नाही. म्हणून एका संस्थेने त्यांना जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल दिली होती. सायकल दणकट होती, परंतु तिच्या मुठी, म्हणजे हँडलवरचे रबर, झिजून दगडासारखे झाले होते. खडकाळ उतारावरचा प्रत्येक हादरा थेट तळहातात जाई.

एके दुपारी त्या दुकानात आल्या. नाना शेजारच्या गावी लग्नाला गेले होते. महिपती एकटाच होता.

"भाऊ, मुठी बदलून द्या," सिस्टर म्हणाल्या. "वाडीत पोचते तेव्हा करंगळी आणि शेजारचं बोट माझं नसतंच. सुई धरलीय की सुटलीय, ते डोळ्यांनी बघावं लागतं. परवा एका बाळाला लस देताना माझाच हात थरथरला. असंच चाललं तर मला बदली मागावी लागेल. आणि माझ्या जागी इथं कोण येणार, सांगा बरं?"

महिपतीला ते चांगले ठाऊक होते. त्या येण्याआधी ती जागा दोन वर्षे रिकामी होती, आणि त्या दोन वर्षांत त्याच्या धाकटीच्या वेळी बायकोला डोलीतून तालुक्याला न्यावे लागले होते. ही बाई गावात टिकलीच पाहिजे, असे त्याला मनापासून वाटले. दुखऱ्या हाताला मऊ द्यावे, आणि मऊ जितके जास्त तितके बरे, असा विचार करून त्याने पेटीतल्या सगळ्यांत जाड, सगळ्यांत लुसलुशीत मुठी काढल्या. त्या काही केल्या हँडलवर चढेनात. तेव्हा त्याने आत तेल सोडले. मूठ सरकन जागेवर गेली. दुसरीही गेली. महिपतीच्या अंगावर मूठभर मांस चढले. नाना नसतानाही आपल्याला जमते की!

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर आल्या, त्या सायकल हातात धरून, चालत. कोपर सोललेले, कपड्यांना माती.

"लसीचा डबा शाबूत आहे," त्यांनी आधी हे सांगितले. मग त्या बाकावर टेकल्या. "उजवी मूठ वळणावर हातात गरकन फिरली. ब्रेक दाबायला गेले, तर बोटं भलतीकडेच. करवंदीची जाळी होती म्हणून अडकले. जाळीच्या पलीकडे काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे."

पलीकडे दरी होती. महिपतीने सायकल भिंतीला टेकवली.

नाना तोवर लग्नाहून परतले होते. त्यांनी सिस्टरांना पाणी दिले. मग एक मूठ ओढली. ती विनातक्रार त्यांच्या हातात आली. ती नाकाशी नेऊन ते "तेल" एवढेच म्हणाले आणि मुठींची पेटी घेऊन सिस्टरांसमोर बसले.

"डोळं मिटा आन् ह्या येक येक धरून बघा. आवळू नका, नुसत्या धरा."

सिस्टरांनी डोळे मिटले. नाना एकेक मूठ त्यांच्या हातात देत आणि अंगठ्याकडे बघत. कालची जाड मूठ दिली तेव्हा त्यांनी महिपतीला जवळ बोलावले. "बघ, अंगठा आन् मधलं बोट येकमेकाला भेटत न्हाईत. हात ल्हान, मूठ मोठी. मग बाई जीव खाऊन आवळणार. आवळलं की रगात अडतं आन् बोटं झोपत्यात. मऊपणा हाताला न्हाई, नदरंला बरा वाटतो."

शेवटी एक बारीकशी, जराशी टणक मूठ निघाली. तळहात टेकतो तिथे ती थोडी पसरट होती. ती हातात येताच सिस्टरांचे खांदे आपोआप खाली आले. नानांनी तीच बाजूला ठेवली आणि तिची जोडीदार शोधून काढली.

"तुमच्या औषधाच्या पेटीत स्पिरिट असंल?"

"आहे की. पण कोपर धुतलंय मी."

"कोपरासाठी न्हाई वो," नाना हसले. मग महिपतीकडे वळले. "दांड्यावरचं समदं तेल पुसून काढ. मुठीत स्पिरिटचे चार थेंब सोड, घोळव, आन् दाबून चढव. हळू न्हाई, येका दमात. स्पिरिट उडायच्या आत मूठ जागंवर आली पायजे. मागनं हलायची न्हाई."

इतके सांगून नानांनी टोपी घातली आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठं निघालात?" महिपतीने घाबरून विचारले.

"दाढीला."

"आत्ता? नाना, निदान चढवून हुईस्तवर तरी थांबा. काल मी एकट्यानं बसवली त्याचं काय झालं, बघितलंत न्हवं?"

"दाढी वाढलीया," नाना म्हणाले, आणि रस्ता ओलांडून समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरले.

महिपतीला राग आला, आणि राग न यावा इतका तो साधू नव्हता. ज्या दिवशी हात धरायचा, त्याच दिवशी गुरूने हात सोडला होता. पण सिस्टर बाकावर बसल्या होत्या, उद्या त्यांना पुन्हा त्याच उतारावरून जायचे होते, आणि दुकानात दुसरे कोणी नव्हते. त्याने फडके घेतले. दांडा एकदा पुसला, दोनदा पुसला, स्पिरिटने पुसला, आणि बोट ओढल्यावर कर्र असा आवाज येईपर्यंत पुसत राहिला. मग चार थेंब सोडले आणि मूठ दाबली. ती निम्म्यावर अडली. कपाळाला घाम फुटला. त्याची मान समोरच्या दुकानाकडे वळली, तशीच परत आली. त्याने तळहात लावून सगळा भार टाकला, तेव्हा मूठ शेवटापर्यंत गेली.

पण पसरट बाजू नेमकी कुठे यावी? हे विचारायचे कोणाला? आणि मग त्याला सुचले, की ज्याला विचारायचे ते माणूस तर समोरच बसले आहे.

"सिस्टर, लौकर बसा सायकलीवर. उतारावर धरता तसं धरा. मनगट सरळ ऱ्हातंय का?"

"किंचित खाली हवी... अजून थोडी... हां, बस!"

दुसरी मूठही अशीच बसली. ब्रेकचा दांडाही त्याने त्यांच्या बोटांना विचारूनच थोडा खाली केला. मुठी सकाळपर्यंत वाळू द्याव्यात म्हणून सायकल दुकानात राहिली.

सकाळी त्याने नानांना गाठले. "एकदा पिळून तरी बघा. फिरती का ते."

नानांनी सायकलीकडे पाहिलेही नाही. "चालवणार त्या. बसवलीस तू. मी मधी कशाला?"

सिस्टर लसीचा डबा बांधून निघून गेल्या. तो दिवस महिपतीला युगासारखा गेला. वळण आता आले असेल, जाळी आता आली असेल, असा तो मनातल्या मनात उतार उतरत होता. त्या भरात त्याने एका ट्यूबला पंक्चर नसलेल्या जागीच ठिगळ लावले. नाना ते बघत होते आणि त्याबद्दलही बोलले नाहीत.

उन्हे कलली तेव्हा सिस्टर आल्या, सायकलीवर बसून. दारात उतरल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मागच्या चाकात जरा हवा मारा."

"आन् मूठ?" महिपतीने पंप हाती न घेताच विचारले.

"कसली मूठ?" त्यांनी हँडलकडे पाहिले. "अगं बाई, खरंच की! दिवसभरात मला तिची आठवणच झाली नाही."

महिपतीला हे क्षणभर लागले. आपण दिवसभर प्राण कंठाशी आणून बसलो, आणि ह्यांना आठवणही नाही! पण सिस्टर आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांनी करंगळी वाकवली, सरळ केली, अंगठ्याने चाचपली.

"आज नऊ मुलांना लस दिली," त्या सावकाश म्हणाल्या. "एकदाही सुईकडे बघावं लागलं नाही. ती हातात आहे, हे हाताला कळत होतं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही हो!" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात जोडले. "बदलीचं आता बोलायला नको. तुमचे फार उपकार झाले, महिपतीभाऊ."

महिपतीने मागे वळून पाहिले. उपकार ज्यांचे, ते कोपऱ्यात स्टूलवर बसून पान्याला फडके मारत होते.

"नाना, त्या असं म्हणतात, पर करणारे तुम्ही. मग काल उठून का गेलात? मला वाटलं, माझ्यावर रुसलात."

नानांनी पाना खाली ठेवला.

"आरं, तेलानं बी मूठ चढली आन् स्पिरिटनं बी चढली. चढवताना दोन्ही सारखीच उपेगाची. पर तेल काम झाल्यावर जात न्हाई. आतच बसतं, आन् ऐन उतारावर मूठ फिरवतं. स्पिरिट मुठीला जागंवर नेतं आन् उडून जातं. मग रबर आन् लोखंड येकमेकाला धरून ऱ्हातं. तीन वर्सं मी तुझ्या कामात तेलावानी ऱ्हायलो. तू आवळलेला नट मी परत आवळायचा. तुझा हात आन् तुझं काम, ह्येंच्या मधी कायम माझा हात. परवा मी नव्हतो, तर तुझा हात फिरला. त्या पडल्या, त्यात निम्मी चूक माझी हाय. मग काल मी उडून गेलो, येवढंच."

बोलणे ऐकून समोरचा न्हावी दारात आला होता. त्याला हसू आवरेना. "उडून कसले जात्यात! काल मला खुर्ची फिरवू दिली न्हाई ह्येंनी. आरशात तुझं दुकान दिसत व्हतं. तोंडाला साबण लावला, त्यो वाळला, परत लावला, परत वाळला. वस्तरा जवळ न्हेला की म्हनायचे, थांब. दुसरी मूठ बसली, तवा म्हनले, चल, कर आता."

नाना न्हाव्यावर डाफरले, पण त्यात काही दम नव्हता. महिपतीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. काल ज्या माणसाचा त्याने मनोमन राग केला, तो माणूस वाळल्या साबणाने आरशासमोर बसून होता. तो पुढे होऊन नानांच्या पायांशी वाकला. नानांनी त्याला मध्येच धरले.

"पाया पडायचंच तर सिस्टरांच्या पड. आपल्या दोघांच्या चुकीनं त्या दरीच्या तोंडाला गेल्या, आन् तरी सायकल परत आपल्याच दारात आनली. येवढा इस्वास कोन ठेवतं?" असे म्हणून त्यांनी स्वतःच आधी हात जोडले. "बाई, तुमच्यामुळं ह्यो शिकला. आन् ह्या वयात मी बी शिकलो."

सिस्टर संकोचल्या. त्यांना हवा भरून हवी होती, आणि अंधार पडण्याआधी घरी पोचायचे होते. महिपतीने डोळे पुसले, पंप घेतला आणि चाकाशी बसला. आपली आठवण न येणे हेच आपल्या कामाचे मोल आहे, हे त्याला आता उमगले होते, आणि त्या जाणिवेने त्याचे मन भरून आले होते.

आपल्यालाही कोणी तरी असेच नेमक्या जागी बसवून निघून गेलेले असते. ज्यांचे नावसुद्धा आज आठवत नाही, त्यांचे आभार आपण आधी मानावेत.