सैल चोळी न शिवणारी आनसाक्का

या, बसा. वाटलं तर हसा, पण मध्येच उठू नका. फार वर्षांपूर्वीची, गावात एसटी यायच्या आधीची गोष्ट. आमच्या तांबवडीत आनसाक्का नावाची शिंपीण होती. असं म्हणतात, तिनं मापाला फीत कधी लावलीच नाही. बाईनं उंबरा ओलांडला की नजरेनंच चोळी बेतायची. आणि तोंड? कात्रीहून धारदार!

त्याच गावात हौसा होती, फुगडीत कुणाला हार न जाणारी. त्याच्या तीन वर्षं आधी तिच्या छातीतली गाठ शहरातल्या दवाखान्यात कापून काढली होती. हौसा परत आली, पुन्हा फुगड्या घालू लागली. गाव म्हणालं, सुटली बाई.

गौरीच्या तोंडावर ती खण घेऊन आली. "आक्का, औंदा जरा सैल शीव."

"का गं? फुगलीस?"

"घामोळं आलंय. चोळी टोचते."

"दाखव."

जुन्या टाक्यांच्या कडेनं मसुराएवढ्या लाल पुळ्या होत्या. आक्कानं हलकेच बोट फिरवलं. खाजत नव्हत्या, दोन महिने जागच्या हलल्या नव्हत्या, आणि कातडीत खडे शिवून टाकल्यासारख्या घट्ट. आक्कानं खण बाजूला सारला.

"सैल शिवली तर टोचायचं थांबेल आणि तू गप बसशील. मी नाही शिवायची. ऊठ, दवाखान्यात चल."

"गौरी झाल्यावर जाऊ की."

"गौर दरवर्षी येते गं बये. तू असशील का?"

वाटेतल्या नदीला पूर होता. असं म्हणतात, आक्का काठावरून ओरडली, "आधी आम्हाला जाऊ दे, मग काय माज करायचाय तो कर!" आणि पाणी मुकाट्यानं गुडघ्यापर्यंत उतरलं.

डॉक्टर म्हणाले, "छातीतलाच रोग कातडीत उतरलाय. मुळासकट जाईल असं सांगत नाही. पण वेळेवर आणलंत, आवरून धरू." औषधं झाली, किरणांचे शेक झाले, पुळ्या विरल्या. पुढच्या गौरीला हौसानं पहिली फुगडी धरली ती आक्काशीच, आणि म्हातारीला अशी गरगर फिरवली की तिचा अंबाडा सुटला! आक्का हसत होती आणि डोळे पुसत होती. त्यानंतर हौसानं अकरा गौरी जागवल्या. कुणी एकवीस म्हणतं. मोजणार कोण? सगळ्याच फेरात होत्या.

आता दोघीही नाहीत. पण तांबवडीत आजही कुणी "जरा सैल शीव" म्हणाली, की शिंपी कात्री खाली ठेवतो आणि घरातल्या बाईला हाक मारतो. ती तिला आतल्या खोलीत नेते, दार लोटते आणि आक्काचेच शब्द बोलते, "का गं? दाखव."