तांदूळ वाढले

एकदा एक संसारी शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला आणि नमस्कार करायचेही विसरून म्हणाला, "गुरुजी, एका शब्दाने माझी झोप उडवली आहे."

"कोणता रे?"

"वाढले."

धान्य संपले तरी 'संपले' म्हणू नये, 'वाढले' म्हणावे, ही आपली जुनी रीत. शिष्याची पत्नी यमुना ती कसोशीने पाळी. अमावास्या आठवड्यावर आली, की स्वयंपाकघरातून हाक येई, "अहो, तांदूळ वाढले!" दुसऱ्या दिवशी डाळ वाढे, मग गूळ. इतकी भरभराट सोसणारा नवरा विरळाच! उरलेले दिवस शेजारून वाटी-वाटी उसने आणून रेटावे लागत.

एरवी त्याने तेही हसण्यावारी नेले असते. पण त्याची थोरली बहीण द्वारका विधवा झाली होती आणि सासरी तिच्या पानातली भाकरी मोजली जात होती. तिला घरी आणावे म्हणून त्याचा जीव तुटे. "आमचेच आम्हाला पुरत नाही, ताईच्या पानात काय वाढू?" असे म्हणताना त्याचे डोळे भरून आले.

"वाणसामान कधी भरतोस?" गुरूंनी विचारले.

"उद्या, प्रतिपदेला."

"मी येतो."

आता गुरुजी तूप बंद करायला सांगणार, गोडाधोडावर गदा येणार, अशी दोघा नवरा-बायकोंनी मनाची तयारी केली होती. गुरुजींनी तसले काहीच केले नाही. त्यांनी रिकाम्या डब्याच्या तळाशी चार ओंजळी तांदूळ घातले, त्यावर जुन्या धोतराचे धुतलेले फडके पसरले आणि बाकीचे तांदूळ वर ओतले. डाळीच्या आणि पिठाच्या डब्यातही तेच.

यमुनेला हसू आवरेना. "गुरुजी, तांदूळ होते तेवढेच आहेत. मध्ये फडके घातल्याने का ते जास्त होणार?"

"नाही होणार, मुली. पण तुझा हात आखडतो कधी, ते सांग."

ती म्हणाली, "डब्याचा तळ दिसला की."

"आणि तेव्हा आखडायला उरते काय? म्हणून मी तळच वर आणला. माप फडक्याला लागले, की 'वाढले' म्हणत जा. मूठभर शिल्लक असताना म्हणावा असा तो शब्द आहे. ती मूठ पुढच्या महिन्याच्या धान्यात मिसळते, तेव्हा धान्य खरोखर वाढते. रिकाम्या डब्यावर म्हटले, तर आपण आपलीच समजूत घालतो."

पहिल्याच महिन्यात अमावास्येच्या कितीतरी आधी माप फडक्याला लागले आणि यमुना चपापली. रात्रीच्या भाताऐवजी तिने ज्वारीची भाकरी थापली, आमटीत पाणी वाढवले. नवऱ्यानेही मित्रांना 'चला, जेवायलाच चला' म्हणणे आवरले. तरी फडके उचलावे लागलेच. मात्र शेजारी वाटी गेली नाही. दुसऱ्या महिन्यापासून हाताला आपोआप कळू लागले आणि फडके जागचे हलले नाही. तेव्हा शिष्याने बहिणीला निरोप धाडला.

द्वारका आली ती नेमकी अमावास्येला. गाडीतून उतरताच म्हणाली, "यमुने, मी जेवून आलेय गं. उगीच चूल पेटवू नकोस."

"वन्सं, पहाटे निघालात, जेवलात कुठे?" यमुनेने तिला हाताला धरून आत नेले आणि तिचा हात तांदळाच्या डब्यात घातला. मनगटापर्यंत तांदूळ लागले. मग बोटांना फडके लागले.

"अगं, हे काय?"

"आमचा तळ. त्याच्याखाली अजून आहेत."

तासाभराने शिष्य विहिरीवर पाय धूत होता. तेवढ्यात आतून खणखणीत हाक आली, "अहो, वाढलं!"

त्याच्या काळजात चर्र झाले. आजच, ताई आली त्याच दिवशी? तो ओल्या पायांनीच धावत आत गेला.

तीन ताटे मांडली होती. भाताच्या वाफा निघत होत्या.

"असे बघत काय उभे राहिलात? वाढलंय, बसा ना!" यमुना म्हणाली.

तो बसला. आणि त्याच्या शेजारी बसलेल्या द्वारकेने, किती वर्षांनी कोण जाणे, ताट पुढे करून स्वतःहून भात मागितला.